‘ला’ आणि ‘ने’: भागाकाराची वाक्ये बीजगणितात कशी मांडावी?



बीजगणिताचा तास सुरू झाला म्हणजे वर्गात एक विशेष प्रकारची शांतता पसरते. तिचे कारण आम्ही पुष्कळ वर्षे चुकीचे समजत होतो. आम्हांस वाटे की, अंकांच्या जागी अक्षर आले म्हणून मुले बिचकतात. परंतु अनुभव निराळाच आला. क्ष + ५ = १२ असे समीकरण फळ्यावर मांडून दिले तर सहसा कोणी अडत नाही. अडते ते त्याच्या आधीच्या पायरीवर. ‘एका संख्येत ५ मिळविले असता १२ होतात’ ह्या मराठी वाक्यापासून त्या समीकरणापर्यंत येताना गाडी रुतते. म्हणजे अडचण गणिताची कमी व वाचनाची अधिक आहे.

त्यातही बेरीज आणि गुणाकार ह्या दोन क्रिया मोठ्या क्षमाशील आहेत. ३ आणि ४ यांची बेरीज करताना ३ आधी घ्या की ४ आधी घ्या, उत्तर ७ च येते. गुणाकारही तसाच १२ येतो. भागाकार मात्र असा उदार नाही. १२ ला ४ ने भागले तर ३ येतात आणि ४ ला १२ ने भागले तर एक-तृतीयांश येतो. कोणती संख्या वर लिहावयाची व कोणती खाली, ह्यात चूक झाली की पुढचे सर्व गणित कितीही नेटके केले तरी व्यर्थ जाते. म्हणून ह्या लेखात आम्ही एवढेच एक प्रकरण हाती घेतले आहे. भागाकाराचे वाक्य कसे वाचावे व ते राशीत किंवा समीकरणात कसे उतरवावे, हे पाहावयाचे आहे. (छापण्याच्या सोयीसाठी अपूर्णांकाची आडवी रेघ येथे तिरकी दिली आहे. क्ष/५ म्हणजे क्ष वर, ५ खाली, असे समजावे.)

विळ्याने धान कापले

भागाकारातील चार नावे तुम्हांस ठाऊक आहेतच. ज्याचे भाग पाडावयाचे तो भाज्य, ज्याने भाग पाडावयाचे तो भाजक, येते ते फळ भागाकार आणि उरते ती बाकी. अपूर्णांकाच्या रूपात भाज्य वर, अंशाच्या जागी, आणि भाजक खाली, छेदाच्या जागी बसतो.

आता पुढील दोन वाक्ये वाचा. ‘विळ्याने धान कापले.’ ‘धान विळ्याने कापले.’ शब्दांची अदलाबदल झाली, पण अर्थ बदलला काय? पहिल्या वाक्यात विळा आधी आला म्हणून विळ्याचे तुकडे झाले, असे आपल्या जिल्ह्यातील लहान मूलही म्हणणार नाही. ‘ने’ हा प्रत्यय ज्याला जोडला ते साधन, मग ते वाक्यात कोठेही बसो. मराठीत शब्दांचे काम त्यांच्या जागेवरून ठरत नाही. ते बहुतांशी त्यांच्या विभक्तीवरून ठरते. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. तेव्हापासून शाळांत मुले विभक्तींचे तक्ते पाठ करीत आली आहेत. तो तक्ता गणिताच्या तासालाही उपयोगी पडतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

‘१२ ला ४ ने भागा’ आणि ‘४ ने १२ ला भागा’ ही दोन वाक्ये एकच आहेत. ‘ला’ ज्यास लागला तो १२ भाज्य. ‘ने’ ज्यास लागला तो ४ भाजक. दोन्ही वाक्यांची राशी १२/४ होय. ‘४ ला १२ ने भागा’ हे वाक्य मात्र निराळे. त्याची राशी ४/१२.

इंग्रजी पुस्तकांतून बीजगणित शिकलेल्यांस येथे एक सवय आड येते. इंग्रजीत असे प्रत्यय नामाला चिकटत नाहीत. तेथे शब्दांचा क्रम आणि मधले लहान शब्द अर्थ ठरवितात. ‘ट्वेल्व्ह डिव्हायडेड बाय थ्री’ म्हटले तर पहिली संख्या भाज्य असते. ‘थ्री डिव्हायडेड इंटू ट्वेल्व्ह’ म्हटले तर दुसरी. त्या भाषेच्या वळणाने मराठी वाक्य वाचले की, जो आकडा आधी दिसला तो वर लिहिण्याची खोड लागते. ही खोड आम्हांसही होती आणि तिच्यापायी आमच्या हातून एक अन्याय घडला. तो येथे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी एका चाचणीत आम्ही असा प्रश्न घातला होता: ‘७ ने एका संख्येला भागून येणाऱ्या भागाकारात ३ मिळविले असता १० येतात, तर ती संख्या कोणती?’

उत्तरपत्रिका तपासण्यासाठी आम्ही घाईने उत्तर काढून ठेवले. ७ आधी दिसले, ते वर लिहिले. ७/क्ष + ३ = १०. म्हणून ७/क्ष = ७. म्हणून क्ष = १. पडताळाही घेतला. ७ ला १ ने भागले, ७ आले. त्यात ३ मिळविले, १० झाले. उत्तर पूर्णांकी आले, पडताळा जुळला. शंकेला जागाच उरली नाही.

वर्गातील एका मुलीने लिहिले होते: क्ष/७ + ३ = १०, म्हणून क्ष/७ = ७, म्हणून क्ष = ४९. तिच्या उत्तरावर आम्ही तांबड्या शाईने फुली मारली. तिच्यासारखेच लिहिणारे आणखी काही जण होते. त्यांचेही गुण गेले. कोणी काही बोलले नाही. गुरुजींचे चुकेल असे मुलांच्या मनातही येत नाही. आणि हीच गोष्ट गुरुजींनी सर्वांत अधिक भ्यावी अशी आहे.

पुढील चाचणीत त्याच जातीचा प्रश्न होता. त्या मुलीने आधी बरोबर लिहिले होते, ते खोडले आणि त्याखाली उलट लिहिले. खोडलेले अक्षर कागदावर स्पष्ट दिसत होते. आम्ही तिला बोलावून विचारले. ती म्हणाली, ‘मागच्या वेळी असेच लिहिले होते, ते चूक निघाले, म्हणून बदलले.’ तरीही आमच्या ध्यानात काही आले नाही. ‘बरे, पुन्हा नीट वाच’ एवढेच बोलून आम्ही तिला परत पाठविले.

उलगडा झाला तो पालकांच्या सभेच्या दिवशी. तिचे वडील धानाच्या गिरणीत हमाली करीत. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. त्यांनी मुलीची वही उघडून आमच्यापुढे ठेवली व अतिशय संकोचाने विचारले, ‘गुरुजी, आम्हाला ते क्ष काही समजत नाही. पण पोरगी वाचून दाखवते, त्यावरून विचारतो. यात तुकडे कशाचे झाले? साताचे, का त्या संख्येचे?’

आम्ही वाक्य पुन्हा वाचले. ‘संख्येला’ भागले होते. तुकडे संख्येचेच झाले होते. सात हा विळा होता आणि आम्ही विळ्याचे तुकडे केले होते!

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गासमोर आमची चूक सांगितली, सर्व उत्तरपत्रिका परत मागवून गुण दुरुस्त केले आणि त्या मुलीची क्षमा मागितली. गुण परत देणे सोपे गेले. पण आपले बरोबर असलेले खोडून टाकण्याची जी भीती तिच्या मनात आम्ही घातली होती ती काढावयास पुढील सारे वर्ष लागले.

ह्या प्रसंगातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, भागाकाराचे वाक्य वाचताच ‘तुकडे कशाचे झाले?’ हा प्रश्न स्वतःस विचारावा. ज्याचे तुकडे झाले ते वर. दुसरी ही की, पडताळा आपण मांडलेल्या समीकरणात घेऊन थांबू नये. तो मूळ वाक्यात घ्यावा. चुकीच्या समीकरणातून काढलेले उत्तर त्या चुकीच्या समीकरणास जुळणारच. आम्ही १ हे उत्तर मूळ वाक्यात घालून पाहिले असते, तर ‘७ ने १ ला भागून’ असे वाचावे लागले असते, भागाकार १/७ आला असता, आणि त्यात ३ मिळवून १० कधीच झाले नसते.

एकच राशी, अनेक वेष

आता वाक्यांचे निरनिराळे वेष पाहू. पुढील सर्व वाक्यांची राशी क्ष/५ हीच आहे.

१. क्ष ला ५ ने भागले.
२. ५ ने क्ष ला भाग दिला.
३. क्ष चा पाचवा भाग. किंवा क्ष चा एक-पंचमांश.
४. क्ष मध्ये ५ जितक्या वेळा जातात ती संख्या.
५. क्ष रुपये ५ जणांत सारखे वाटले असता प्रत्येकी येणारी रक्कम.
६. क्ष रुपये ५ जणांना सारखे वाटले असता प्रत्येकी येणारी रक्कम.

चौकस विद्यार्थी सहाव्या वाक्यावर आमचा हात धरील. तेथे ‘ना’, म्हणजे ‘ला’चेच अनेकवचन, ५ जणांस लागले आहे, मग ५ वर का नाही? शंका योग्य आहे. क्रियापद बदलले म्हणून प्रत्ययाचे काम बदलले. ‘भागणे’ ह्या क्रियापदाबरोबर ‘ला’ भाज्यास लागतो. ‘वाटणे’ ह्या क्रियापदाबरोबर ‘ला’, ‘ना’ किंवा ‘त’ घेणाऱ्यास लागतो, आणि घेणाऱ्यांची संख्या ही भाजक असते. म्हणून नुसता प्रत्यय पाठ करून भागत नाही. क्रियापदाकडेही पाहावे लागते. परंतु ‘तुकडे कशाचे झाले?’ हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच उपयोगी पडतो. माणसांचे तुकडे होत नाहीत, रुपयांचे होतात. म्हणून रुपये वर.

‘ने’च्या बाबतीतही एक सावधगिरी हवी. ‘एका संख्येचा तिसरा भाग ७ पेक्षा २ ने जास्त आहे’ ह्या वाक्यातील ‘२ ने’ हा भाजक नव्हे; तो फरक दाखवितो. त्याचे समीकरण क्ष/३ = ७ + २, म्हणून क्ष = २७. मूळ वाक्यात पडताळा: २७ चा तिसरा भाग ९, ९ हे ७ पेक्षा २ ने जास्त. जुळले.

आणखी एक प्रकार परीक्षेत भेटतो: ‘क्ष आणि ५ यांचा भागाकार’. येथे कोणताच प्रत्यय मदतीला येत नाही. अशा वेळी आधी सांगितलेली संख्या भाज्य धरावयाची असा संकेत आहे, म्हणून क्ष/५. आमच्या मते प्रश्न काढणाऱ्याने असे वाक्य शक्यतो टाळावे. परंतु ते समोर आलेच तर संकेत माहीत असावा.

कंस कोठे घालावा?

पुढील दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा.

(अ) एका संख्येला ४ ने भागून आलेल्या भागाकारात ६ मिळविले.
(आ) एका संख्येत ६ मिळवून आलेल्या बेरजेला ४ ने भागले.

दोन्ही वाक्यांत तीच संख्या, तोच ४, तोच ६. परंतु पहिल्याची राशी क्ष/४ + ६ आणि दुसऱ्याची (क्ष + ६)/४. क्ष च्या जागी ८ घाला. पहिलीचे मूल्य ८ येते व दुसरीचे साडेतीन.

कंस कोठे घालावा हेही प्रत्ययच सांगतो. ‘ला’ कोणत्या शब्दास चिकटला आहे ते पाहा. (अ) मध्ये तो ‘संख्येला’ असा आहे. म्हणून एकटी संख्या भाज्य. (आ) मध्ये तो ‘बेरजेला’ असा आहे. म्हणून सबंध बेरीज भाज्य. जे सबंध भागले जाते त्याभोवती कंसाचे कुंपण घालावे. हाच न्याय ‘ने’लाही लागू. ‘एका संख्येत २ मिळवून येणाऱ्या बेरजेने ६० ला भागले’ ह्या वाक्यात ‘ने’ बेरजेस लागला आहे. म्हणून सबंध बेरीज छेदात जाईल: ६०/(क्ष + २).

राशी कोणती व समीकरण कोणते?

‘एका संख्येचा चौथा भाग’ एवढे म्हणून कोणी थांबला तर आपण विचारतो, ‘त्याचे काय?’ कारण ते वाक्य नव्हे. ते केवळ नाव आहे. त्याची बैजिक राशी होते: क्ष/४. ‘एका संख्येचा चौथा भाग ९ आहे’ म्हटले की वाक्य पुरे झाले; त्याचे समीकरण होते: क्ष/४ = ९, आणि क्ष = ३६. ‘आहे’, ‘येतो’, ‘होतात’, ‘बरोबर’, ‘इतका’ असे शब्द जेथे येतात तेथे बहुधा बरोबरीचे चिन्ह बसते. हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या गणितज्ञाने आपल्या पुस्तकात प्रथम योजले.

पुष्कळ मुले नुसती राशी विचारली असता तिच्यापुढे ‘= ०’ लिहून सोडवावयास लागतात. हे आपल्या पदरचे क्रियापद घालण्यासारखे आहे. प्रश्नात जे म्हटले नाही ते आपण म्हणू नये.

उलट केले तर प्रश्नच बदलतो

आपला जिल्हा धानाचा. सरकारी भरडाईच्या हिशेबात साध्या, म्हणजे न उकडलेल्या, तांदळासाठी १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ असे प्रमाण ठरविलेले आहे. उकड्या तांदळासाठी ते ६८ किलो आहे. आपण ६७ चे प्रमाण घेऊ.

तांदळाला धानाने भागले तर ६७/१०० येतात. म्हणजे एक किलो धानापासून ६७० ग्रॅम तांदूळ. धानाला तांदळाने भागले तर १००/६७ येतात. म्हणजे एक किलो तांदळासाठी सुमारे दीड किलो धान. दोन्ही भागाकार खरे आहेत. परंतु ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिला गिरणीवाल्याचा प्रश्न, दुसरा घरच्या कारभारणीचा. घरी वर्षाकाठी २०१ किलो तांदूळ लागत असेल तर किती धान राखून ठेवावे? धान क्ष किलो मानू. तांदळाला धानाने भागून येणारा भागाकार ६७/१०० असतो; म्हणून २०१/क्ष = ६७/१००, आणि क्ष = ३००. म्हणजे तीन क्विंटल. येथे कोणी अपूर्णांक उलटा धरला तर उत्तर सुमारे १३५ किलो येईल, आणि त्या भरवशावर बाकीचे धान विकणाऱ्याच्या घरी वर्षाच्या मध्यालाच कणगी रिकामी होईल. वर-खाली चुकल्याचा परिणाम केवळ प्रगतिपुस्तकावर होतो असे नाही.

बाकी राहणाऱ्या भागाकाराचेही एक उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात आपल्याकडील कित्येक कुटुंबे तेंदूपाने तोडावयास रानात जातात. सत्तर पानांचा एक पुडा बांधतात. एका कुटुंबाने प पाने आणली, त्यांचे भ पुडे बांधले आणि ५० पाने उरली. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, हे सूत्र तुम्ही प्राथमिक शाळेतच शिकला आहात. तेच येथे अक्षरांत लिहावयाचे: प = ७०भ + ५०. पुडे ३५ झाले असतील तर पाने २५०० होती. पुडे बांधताना आईशेजारी बसलेल्या मुलाने हे समीकरण शंभर वेळा हातांनी सोडविलेले असते. आपण त्यास केवळ लिहावयास शिकवितो.

जितके तितके

अक्षर घेऊन अज्ञात संख्येचा शोध करण्याची रीत परदेशातून आली असे पुष्कळांस वाटते. क्ष हे अक्षर आपण इंग्रजी ‘एक्स’च्या जागी घेतले हे खरे, आणि अज्ञातासाठी ते पाश्चात्त्य अक्षर देकार्त ह्या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या १६३७ सालच्या ग्रंथामुळे रूढ झाले. परंतु त्याच्याही सुमारे पाच शतके आधी, ११५० साली, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग समजले जातात. त्यात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके तितके’, असे नाव असून ‘या’ हे त्याचे संक्षिप्त अक्षर आहे. दुसरे अज्ञात आले की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे येतात. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला आणि त्यास देणगी मिळाली, अशी हकीकत त्यात कोरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणिला.

त्या काळी भाज्य वर व भाजक खाली लिहीत, पण मधली रेघ नसे. ती रेघ बाराव्या शतकातील अरबी गणितज्ञांच्या लिखाणात आढळते. आणि ते ग्रंथ संस्कृतात असल्यामुळे तेथेही कोण भाज्य व कोण भाजक हे विभक्तीच सांगे. म्हणजे आपण आज जो धडा घेत आहो तो जुनाच आहे.

भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीस ‘खहर’ हे नाव देऊन ती अनंत मानली. आजचे गणित ह्याबाबतीत अधिक कडक आहे. समजा, ५ ला ० ने भागून काही भागाकार आला. तर त्या भागाकारास शून्याने गुणून ५ यावयास पाहिजेत. परंतु कोणत्याही संख्येस शून्याने गुणले तर शून्यच येते. म्हणून शून्याने भागणे ह्यास अर्थच नाही, असे आज मानतात. ५/क्ष अशी राशी लिहिताना ‘क्ष शून्य नाही’ हे शब्द शेजारी लिहिण्याची सवय ठेवावी. ज्याच्या खाली क्ष आला त्यास ही एक जबाबदारी अधिक असते.

अभ्यासासाठी

पुढील वाक्यांच्या राशी किंवा समीकरणे मांडा. समीकरण असल्यास सोडवा आणि पडताळा मूळ वाक्यात घ्या.

१. ९ ने एका संख्येला भागले.
२. ९ ला एका संख्येने भागले.
३. एका संख्येच्या दुपटीतून ४ वजा करून येणाऱ्या वजाबाकीला ३ ने भागले.
४. एका संख्येच्या सहाव्या भागात ५ मिळविले असता ११ होतात.
५. एका संख्येने ४८ ला भागले असता भागाकार ६ येतो.
६. काही रोपे आपल्या जिल्ह्याच्या ८ तालुक्यांना सारखी वाटली. प्रत्येक तालुक्यास १२५ रोपे मिळाली.
७. एका संख्येत ७ मिळवून येणाऱ्या बेरजेला ५ ने भागले असता भागाकार ४ पेक्षा २ ने जास्त येतो.
८. गोंदियाहून नागपूर लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटर आहे. हे अंतर एका गाडीने काही तासांत तोडले. तिचा सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटर पडला.

उत्तरे: (१) क्ष/९. (२) ९/क्ष, क्ष शून्य नाही. (३) (२क्ष − ४)/३. (४) क्ष/६ + ५ = ११; ३६. (५) ४८/क्ष = ६; ८. (६) क्ष/८ = १२५; १००० रोपे. (७) (क्ष + ७)/५ = ४ + २; २३. (८) १३०/क्ष = ६५; २ तास.

पालकांस दोन शब्द

‘आम्हांस बीजगणित येत नाही, मुलांचा अभ्यास कसा घ्यावा?’ असे पुष्कळ पालक आम्हांस विचारतात. त्यांस आमचे सांगणे इतकेच की, मुलास गणित मोठ्याने वाचावयास लावावे आणि तीन प्रश्न विचारावे. तुकडे कशाचे झाले? किती झाले, किंवा कशाने झाले? आणि शेवटी काय ‘आहे’ म्हणून सांगितले? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मुलाने मराठीत नीट दिली की, समीकरण मांडण्याचे काम झालेच म्हणून समजा. ते तपासण्यासाठी क्ष कळावा लागत नाही; मराठी कळावी लागते, आणि ती आपणांस आमच्याइतकीच कळते.

आणि मुलाचे उत्तर बरोबर आहे असे आपणांस वाटत असूनही आमची तांबडी फुली त्यावर दिसली, तर वही घेऊन शाळेत यावे. संकोच करू नये. एका पालकांनी तो संकोच बाजूस ठेविला, म्हणूनच हा लेख आम्हांस लिहिता आला.